पिस्तुलाच्या फ्रेमवरचा एखादा भाग बदलायचाय? परवानाधारकांनी आधी कोणते कागद बघावेत

देवगड-मालवण पट्ट्यात पिस्तूल पावसाळाभर कपाटात पडून राहिलं की त्याची खरी अवस्था गणपतीच्या सुमारास कळते. चामड्याच्या कव्हरात असेल तर विचारूच नका. चामडं ओल धरतं, ग्रिपच्या पट्टीखाली तांबूस थर बसतो, मॅगझिन कॅच (काडतुसांची पेटी धरून ठेवणारी खटकी) अडकायला लागतो. बदलायचा भाग नखाएवढा असतो, पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच धरले आहेत. त्यामुळे आधी कागद, मग स्क्रू-ड्रायव्हर.

पुसणं, तेल देणं ही नेहमीची निगा झाली. भाग बदलणं ही दुरुस्ती, आणि कलम ५ प्रमाणे दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो. तुमचा बाळगण्याचा परवाना तिथे कामाचा नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडून पिन करून घ्यायचा विचार तर सोडाच. २०१९ च्या सुधारणेनंतर या कलमाच्या उल्लंघनाला किमान सात वर्षं कैद आहे, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीलाही हेच लागू; गावचा लोहार पिढ्यान्‌पिढ्या नीट करून देत आलाय, हे उत्तर पोलिसांपुढे टिकत नाही. परदेशी साइटवरून सुटा भाग मागवायचा तर कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना हवा.

दुरुस्ती कोणाला करून घेता येते? ज्याचा परवाना चालू आहे आणि ते शस्त्र त्यावर नोंदलेलं आहे, त्याला. मुदत संपली असेल तर दुरुस्तीचा विषय बाजूला ठेवून शस्त्र आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करा. २०१९ पासून मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली, पण पुस्तिकेवर छापलेली तारीखच बघा.

सोबत मूळ परवाना, त्यावरचा यूआयएन (विशिष्ट ओळख) क्रमांक, आधार आणि सगळ्याच्या झेरॉक्स ठेवा. डीलरकडे दुरुस्तीचा परवाना आहे ना, हे आधी विचारा. विक्रीचा बोर्ड दिसला म्हणून दुरुस्तीही चालते असं धरू नका. पावती मात्र नीट मागा. शस्त्राचा प्रकार, बोअर (नळीचा आतला व्यास), क्रमांक, कोणता भाग बदलायचा, घेतल्याची तारीख, डीलरचा परवाना क्रमांक हे सगळं तिच्यावर हवं. नुसतं ‘पिस्तूल रिपेअर’ लिहिलेली चिठ्ठी घेऊन येणारे बरेच असतात. मग निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करण्याची नोटीस येते, पिस्तूल दुकानात अडकलेलं असतं आणि ठाण्यात दाखवायला हातात काहीच नसतं.

डीलर घाटावर, म्हणजे कोल्हापूर-पुण्याकडे असेल तर परवान्यावरचं क्षेत्र वाचा. ते जिल्ह्यापुरतंच असेल तर शस्त्र बाहेर नेण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयाची परवानगी घ्या: सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रायगडवाल्यांना अलिबाग, रत्नागिरीवाल्यांना शहरातच. साध्या अर्जात शस्त्राचा क्रमांक, दुरुस्तीचं कारण, डीलरचं नाव-पत्ता आणि जाण्यायेण्याच्या तारखा लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, पण तिला परवानगी समजू नका.

वयस्कर परवानाधारकांना एक सोय फारशी माहीत नसते. स्वतः जाणं जमत नसेल तर कलम ३ च्या परंतुकानुसार, म्हणजे त्यातल्या अपवादानुसार, परवाना नसलेला माणूसही तुमच्या लेखी अधिकारपत्रावर शस्त्र दुरुस्तीसाठी नेऊ शकतो. मुलगा किंवा पुतण्या जाणार असेल तर पत्रात त्याचं नाव, शस्त्राचा क्रमांक, कुठे आणि कशासाठी नेतोय ते लिहून सही करा. तोंडी सांगणं पुरत नाही. शस्त्र रिकामं करून द्या, काडतुसं घरीच राहू द्या.

राहिला फ्रेमचा, म्हणजे पिस्तुलाच्या मुख्य सांगाड्याचा प्रश्न. स्प्रिंग, पिन, स्क्रू, कॅच बदलले तरी शस्त्राचा क्रमांक तोच राहतो. पण गंज क्रमांकाच्या जागेपर्यंत गेला असेल तर पॉलिश करणाऱ्याला तिथे थांबवा, कारण कलम ८ प्रमाणे ओळखक्रमांक खोडणं किंवा बदलणं गुन्हा आहे. अंक पुसट झाले असतील तर फोटो काढून परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी कळवा. क्रमांक असलेली फ्रेमच बदलायची वेळ आली तर तो डीलरच्या पावतीवर मिटणारा विषय नाही. परवान्यावरचा क्रमांक आणि हातातलं शस्त्र जुळणार नाही, म्हणून त्याची मंजुरी काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागते.