रिकामी ट्रॉली का उसळते?

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरसाठी हलकी ट्रॉली गावातच बनवून घेताना वेल्डिंगच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "दोन पाटे जास्तीचे टाका, ट्रॉली दणकट होईल." पाटे म्हणजे ॲक्सलवर (चाकांच्या आडव्या दांड्यावर) ट्रॉलीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या. सल्ला आपुलकीचा असतो, पण हलक्या ट्रॉलीच्या बाबतीत तो चुकीचा आहे.

चौकटीचा, म्हणजे चॅसीचा, प्रश्न तुलनेने सोपा आहे. 50 मिमी बाजूच्या, 3 मिमी जाडीच्या चौकोनी पाइपातले सगळे लोखंड घेऊन तेवढ्याच लांबीची भरीव चौकोनी सळई केली, तर ती वाकण्याला पाइपाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतका विरोध करते, कारण धातू मध्यापासून जितका दूर तितका तो अधिक कामी येतो.

पाट्यांचे गणित याहून सुंदर आहे. 1678 मध्ये रॉबर्ट हूक यांनी प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंग भाराच्या प्रमाणात दबते. ताठरपणाला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले आणि त्याला 2π ने भागले, की दर सेकंदाची आंदोलने मिळतात, म्हणजे ट्रॉली सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते. पण ताठरपणा म्हणजे वजन भागिले दबलेले अंतर. त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून छेदले जाते आणि उरते केवळ गुरुत्व त्वरण व ते अंतर. अंतर सेंटिमीटरमध्ये घेतल्यास सूत्र अगदी आटोपशीर होते: 5 भागिले अंतराचे वर्गमूळ. चॅसी जॅकने चाके जमिनीवरून सुटू लागेपर्यंत उचलावी, ॲक्सल आणि चॅसी यांमधले अंतर टेपने मोजावे, मग जॅक उतरवून पुन्हा मोजावे. दोन्ही मापांतला फरक हेच ते अंतर.

समजा, पाट्यांवर मालासह 400 किलो भार असताना ते 4 सेंमी दबतात. आंदोलने सेकंदाला अडीच झाली. क्रेट उतरवून भार 100 किलो उरला, तर दब 1 सेंमी आणि आंदोलने 5. आता पाट्यांची संख्या दुप्पट करा: रिकाम्या ट्रॉलीची दब अर्धा सेंमी, आंदोलने सुमारे 7. शिवाय पाटे दबलेले असतात जवळपास तेवढेच चाक खाली उतरू शकते. पांदण रस्त्यावर वाळलेल्या काळ्या मातीतले चाकोरीचे खड्डे बोटभर तरी खोल असतातच. तिथे चाक अधांतरी राहते आणि लगेच आदळते. पाट्यांमधले घर्षण हेलकावे जिरवते खरे, पण लहान धक्क्यांना पाटे एकमेकांना चिकटल्यासारखे राहतात आणि स्प्रिंग आणखी ताठ वागते.

म्हणून हलक्या ट्रॉलीला थोडे आणि लांब पाटे हवेत. ताठरपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो; लांबी सव्वापट केली की तो जवळपास निम्म्यावर येतो. मात्र तेवढ्याच भाराखाली पाट्यातला ताणही सव्वापट होतो, त्यामुळे भरलेल्या ट्रॉलीचे वजन धरूनच पाट्याची निवड करावी. पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. त्या उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि पाटा तिथेच तुटतो.

ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकाला लिंबू-मिरची बांधल्याने वेल्डिंगमधली चीर थांबत नाही, आणि ती चीर दिसण्यासाठी महागडे यंत्रही लागत नाही. हुकाजवळचा चिखल आणि रंग खरवडून सांध्यावर रॉकेल लावावे, काही वेळाने ते स्वच्छ पुसून खडूची पूड चोळावी. चीर असेल तर आत शिरलेले रॉकेल हळूहळू वर झिरपते आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ उमटते.