‘डीएनएत शिरला’ म्हणजे नेमकं काय? एचपीव्हीची पार्श्वभूमी

फेब्रुवारीत, द्राक्षांचा हंगाम भरात असताना, पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये बायकांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी झाली. त्यातल्या एक बाई रिपोर्ट घेऊन नाशिकला माझ्याकडे आल्या. कागदाच्या चार घड्या, वर कॅरीबॅग, कॅरीबॅगला रबर. रिपोर्टात महत्त्वाची ओळ एकच होती : ‘एचपीव्ही डीएनए आढळला’. एचपीव्ही म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. याचे काही प्रकार चामखीळ आणतात, काही गर्भाशयमुखाचा कर्करोग. त्यांनी विचारलं, “ताई, म्हणजे तो माझ्या डीएनएत शिरला ना? मग उद्या पोरीला पण येणार का?”

रिपोर्ट तसं काही सांगत नव्हता, आणि पोरीला वारशाने काही जाणार नव्हतं. पण बाईंची यात काहीच चूक नाही. मराठीत या विषाणूबद्दल बोलताना आपण ‘शिरणे’ हे एकच क्रियापद तीन वेगळ्या घटनांना वापरतो. अंगात शिरतो, पेशीत शिरतो, डीएनएत शिरतो. पहिल्या दोन घटना एका-दोन दिवसांत उरकतात. तिसरी घडलीच तर बहुधा काही वर्षांनी घडते, आणि बहुतेक बायकांच्या बाबतीत कधीच घडत नाही.

जुना इतिहास थोडक्यात. चामखीळ गाळीव अर्कातूनही पसरते, म्हणजे तिच्यामागे जंतूहून लहान काहीतरी आहे, हे १९०७ मध्ये इटलीत दिसलं. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या रानसशांच्या अंगावरच्या शिंगांसारख्या गाठींमागे याच कुळातला विषाणू सापडला. त्यानंतर काही दशकं गाडी अडली, कारण हा विषाणू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढेना. त्याला नुसती पेशी चालत नाही, पेशींचे थर लागतात.

लासलगावच्या बाजारात कांदा पाहिलेल्याला हे थर समजायला सोपे जातील. कांद्यात नवी पात गाभ्यात येते, जुनी बाहेर ढकलली जाते, सुकते आणि तिचा पापुद्रा होऊन गळून पडतो. त्वचा आणि गर्भाशयमुखाचं अस्तर असंच वागतं. फक्त इथे नवी पेशी सर्वांत खालच्या थरात जन्मते. विषाणूला तिथपर्यंत पोचायला बारीकसा ओरखडा लागतो. पेशीत गेल्यावरही तो केंद्रकाचं, म्हणजे पेशीचा डीएनए जिथे असतो त्या भागाचं, आवरण फोडत नाही. पेशी दुभंगायला लागली की ते आवरण काही वेळ विरतं, तेवढ्यात त्याचा डीएनए आत राहून जातो.

आत गेलेला हा डीएनए म्हणजे जेमतेम आठ हजार अक्षरांचं एक वर्तुळ. आपल्या तीनशे कोटी अक्षरांच्या शेजारी ते वेगळंच राहतं. पेशी दुभंगते तेव्हा ई-२ नावाच्या प्रथिनाच्या आधाराने ते गुणसूत्रांना चिकटून दोन्ही लेकी-पेशींत जातं. चिकटून, मिसळून नव्हे. पेशी वर सरकत सुकायला लागली की मग विषाणू खरा कामाला लागतो, हजारोंनी प्रती काढतो, आणि गळणाऱ्या पापुद्र्याबरोबर बाहेर पडतो. पेशी फुटत नाही, सूज येत नाही, त्यामुळे शरीराच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागायला वेळ लागतो. तरीही दहापैकी नऊ जणींच्या शरीरात तो दोन वर्षांच्या आत आढळेनासा होतो.

यात विषाणूची एक अडचण आहे. डीएनएची प्रत काढायचं यंत्र त्याच्याकडे नाही, तो पेशीचं वापरतो. पण वरच्या थरातल्या पेशींनी ते यंत्र बंद केलेलं असतं. ते पुन्हा चालू करवणं हे ई-७ प्रथिनाचं काम. ते आरबी या पेशीच्या ब्रेकला धरून बाजूला करतं. बंद यंत्र असं अचानक सुरू झालं की पी-५३ हे राखणदार प्रथिन पेशीला आत्मनाशाचा आदेश देणार, म्हणून ई-६ पेशीच्याच कचरा-व्यवस्थेकरवी पी-५३ ची विल्हेवाट लावतं. ई-७ ची गोष्ट १९८९ मध्ये कळली, ई-६ ची १९९० मध्ये. माझ्या मते या दोन वर्षांत जेवढं समजलं तेवढं आधीच्या ऐंशी वर्षांत समजलं नव्हतं. ही दोन प्रथिनं कर्करोग घडवण्यासाठी नाहीत, ती प्रती काढण्यासाठी आहेत.

आता तिसरं ‘शिरणे’. १९८३ मध्ये जर्मनीत गर्भाशयमुखाच्या गाठीतून एचपीव्हीच्या अनेक प्रकारांपैकी १६ क्रमांकाच्या प्रकाराचा डीएनए वेगळा काढला गेला, पुढच्या वर्षी १८ क्रमांकाचा. जगभरातले गर्भाशयमुखाचे सुमारे सत्तर टक्के कर्करोग या दोघांचे. या शोधाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्ण बाईंच्या गाठीतून घेतलेल्या आणि आजही प्रयोगशाळांत वाढणाऱ्या पेशींतही १८ क्रमांकाचा डीएनए निघाला. तिथे मात्र तो वर्तुळात नव्हता. वर्तुळ तुटून आठव्या गुणसूत्राला सांधलं गेलं होतं, आणि तुटताना ई-२ चं जनुक मोडलं होतं. ई-२ हा ई-६ आणि ई-७ चा लगाम. लगाम सुटला की ती दोन्ही थांबत नाहीत.

पाठ्यपुस्तकांत याची सुबक आकृती झाली : वर्तुळ, बाण, तुटलेलं वर्तुळ, बाण, कर्करोग. मी हीच आकृती शिकले आणि नाशिकच्या वर्गात कित्येक वर्षं फळ्यावर काढली. २०१७ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचं मोठं जनुकीय विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा १८ क्रमांकाच्या सगळ्या नमुन्यांत सांधा सापडला, पण १६ क्रमांकाच्या सुमारे तीन चतुर्थांशच. उरलेल्यांत विषाणू आपल्या डीएनएत न जाताही कर्करोग झालेला होता. म्हणजे सांधा हा एक रस्ता, एकमेव नव्हे. ई-६ आणि ई-७ वर्षानुवर्षं बनत राहणं हे खरं मूळ.

मराठी पुस्तकांत या सांध्याला ‘एकात्मीकरण’ म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. त्यात सगळं गुण्यागोविंदाने एक झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ही मोडतोड आहे, आणि विषाणूसाठीही पुढची वाट बंद आहे, कारण सांधलेल्या डीएनएतून नवे विषाणू बाहेर पडत नाहीत. निफाडच्या एका विद्यार्थ्याने ‘कलम’ सुचवलं. द्राक्षबागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी बांधतात तसं. शब्द गोड आहे, पण कलमात खुंटाचा आणि काडीचा डीएनए वेगळाच राहतो. त्यामुळे मी वर्गात ‘सांधला जाणे’ म्हणते, वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गाला ‘ठाण मांडणे’ म्हणते, आणि ‘शिरणे’ फक्त पेशीपुरतं ठेवते.

रिपोर्टातली ती ओळ याच गोंधळात भर घालते. ही चाचणी किती मोलाची, हे महाराष्ट्रातच सिद्ध झालं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,००० हून अधिक बायकांवर अभ्यास झाला. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असा निष्कर्ष २००९ मध्ये आला. पण ही नेहमीची चाचणी विषाणूचा डीएनए आहे की नाही एवढंच सांगते. तो वर्तुळात आहे की सांधला गेलाय, हे तिला दिसत नाही.

मी बाईंना कांद्याचीच गोष्ट सांगितली. सांधा झालाच तर तो गर्भाशयमुखाच्या पेशीत होतो, बीजांडात नाही. त्यामुळे मुलीकडे तो जात नाही. पुढे त्यांच्या गर्भाशयमुखाची दुर्बिणीने तपासणी झाली, बिघडलेल्या पेशींचा संशय यावा असा पांढरा डाग दिसला नाही, आणि वर्षाने पुन्हा चाचणीला बोलावलं गेलं.

जाताना त्यांनी मुलीला लस द्यायची का विचारलं, ती सहावीत आहे. आणि लगेच पुढचा प्रश्न : “लशीतून तर नाही ना शिरणार?” लशीत विषाणूच्या कवचाचं एल-१ हे प्रथिन असतं. त्याचे रेणू आपोआप जुळून पोकळ गोळा तयार होतो, हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कळलं आणि त्यावरच २००६ पासूनच्या सगळ्या लशी उभ्या आहेत, २०२३ मध्ये पुण्याहून आलेलीसुद्धा. ते आठ हजार अक्षरांचं वर्तुळ त्या गोळ्यात नसतं. “म्हणजे नुसतं टरफल,” बाई म्हणाल्या आणि रिपोर्टाची घडी घालून परत रबर लावला.