शिशूंची घरातील भाषा व साक्षरतेची पूर्वतयारी

जन्मापासून साधारण तीन वर्षांपर्यंत घरातील माणसांचे बोलणे, गाणी, गोष्टी आणि पुस्तकांची हाताळणी यांतून मुलाच्या ऐकण्या-बोलण्याची व पुढील वाचन-लेखनाची जी पायाभरणी होते, तिला ही संज्ञा लावतात. अक्षरे गिरवून घेणे तिच्यात मोडत नाही.

दोन-तीन महिन्यांत हुंकार, सहा-सात महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’ अशी बडबड, वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची वाक्ये हा सर्वसाधारण क्रम होय. त्यातील सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र बाहेरून दिसत नाही. जॅनेट वर्कर व रिचर्ड टीझ यांच्या १९८४ मधील संशोधनात इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ व ‘ट’ या ध्वनींतला फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांत ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. पॅट्रिशिया कुल यांच्या प्रयोगात (२००३) नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे मँडरिन चिनी भाषेचे ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून शिकली, चित्रफितीतून शिकली नाहीत. बाळाला गप्प बसवण्यासाठी मोबाइल देणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेतही दोन वर्षांखालील मुलांना स्क्रीन दाखवू नये, असेच सुचवले आहे.

१९५६ पर्यंत मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषक मुलुखांची राजधानी असलेल्या नागपुरात बाळाच्या कानावर आजही घरात वऱ्हाडी वळणाची मराठी आणि अंगणापलीकडे हिंदी पडते. दोन भाषांमुळे मूल बोलायचे थांबते ही धास्ती निराधार आहे. मात्र त्याची शब्दसंख्या दोन्ही भाषा मिळून मोजावी लागते. ‘डोया’ म्हणणाऱ्या आजीला ‘डोळा’ म्हणायला लावण्याचा आग्रहही अनाठायी होय, कारण आजी ज्या बोलीत गोष्ट रंगवून सांगू शकते, त्याच बोलीत नातवाला शब्द, लय आणि वाक्यांची वळणे भरपूर मिळतात. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाला, मुलाच्या हाती येणारा चाकांचा लाकडी नंदी आणि घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) मागण्याची फेरी यांतून शिंगे, झूल, दोरी, चाक अशा शब्दांना प्रत्यक्ष वस्तूंचा आधार लाभतो. भुलाबाईच्या, म्हणजे विदर्भातील मुलींच्या सणाच्या, गाण्यांतील आवर्तने व यमके ऐकून शब्दांच्या ध्वनींकडे लक्ष जाते. वाचन शिकताना हीच जाण उपयोगी पडते.

जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके सहाव्या महिन्यापासून देता येतात. बाळ ती प्रथम तोंडात घालते, याला हरकत नसावी. पुढे चित्रावर बोट ठेवून नाव सांगणे, विचारून उत्तरासाठी थांबणे आणि मुलाचा ‘भूभू’ हा एकच शब्द ‘हो, भूभू पळाला’ असा वाढवून परत देणे, ही खरी वाचनपद्धती होय. पाटीवर खडूने मारलेल्या रेघोट्या हे लेखनाचे आरंभरूप असते.

वर्षभरात बडबड सुरू न झाल्यास, दीड वर्षापर्यंत शब्द न आल्यास किंवा येत असलेले शब्द मागे पडल्यास ‘बोलेल हळूहळू’ म्हणून न थांबता प्रथम श्रवणतपासणी करावी. नागपुरात ती ‘मेडिकल’ व ‘मेयो’ या शासकीय रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांत होते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही श्रवणदोष व भाषाविलंब यांच्या तपासणीचा समावेश आहे.