ब्रेकची डिस्क खरंच 'वाकते' का?

मागच्या महिन्यात स्टुटगार्टहून भाच्याचा फोन आला. "मामा, डिस्क परत वाकल्या रे. तीन महिन्यांपूर्वीच तर नव्या टाकल्यात." (डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात.) त्याच्याकडे २००४ ची सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर एस आहे, पै पै जमवून घेतलेली, त्यामुळे जीव तुटत होता त्याचा. लक्षणं अशी की १२० च्या स्पीडला हलका ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं, आणि ५० वर काहीच नाही. गॅरेजवाला म्हणाला डिस्क वाकल्या, बदला. आपल्याकडेही हेच ऐकायला मिळतं, "डिस्क बेंड झालीय साहेब, लेथवर मारून घ्या."

मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत बरीच वर्षं बिडाच्या कास्टिंगवर मशीनिंग केलंय, म्हणून हा शब्द ऐकला की मला राहवत नाही. वापरात डिस्क कायमची वाकल्याची केस फार म्हणजे फार क्वचित असते. तापल्यावर ती बशीसारखी किंचित कलते हे खरं, पण गार झाली की परत जागेवर येते. थरथरीचं कारण बहुतेक वेळा दुसरंच असतं आणि ते मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) मोजावं लागतं.

आधी ब्रेक किती काम करतो ते बघा. गाडी आणि माणूस मिळून १४०० किलो धरा, स्पीड २०० (जर्मनीत ऑटोबानवर बऱ्याच ठिकाणी स्पीड लिमिट नाही, त्यामुळे हा आकडा रोजच्यातला आहे). शाळेतलं अर्धा एम व्ही स्क्वेअर लावलं की साधारण साडेएकवीस लाख जूल येतात, म्हणजे सात लिटर साधं पाणी उकळीला येईल एवढी उष्णता, आणि ती काही सेकंदांत. दोन तृतीयांश भार पुढच्या दोन चाकांवर आणि डिस्क आठ किलोची धरली तर एका ब्रेकमध्ये प्रत्येक पुढची डिस्क पावणेदोनशे-दोनशे अंशांनी तापते. म्हणून तर ती बिडाची असते, बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो, तो उष्णता झटकन पसरवतो आणि कंपनंही गिळतो.

त्याच्या पहिल्या डिस्क बदलणं बरोबरच होतं. या गाडीची पुढची डिस्क नवी असताना २८ मिमी जाड असते आणि २६ ला बाद, शिवाय त्याच्या डिस्कच्या भोकांपासून निघालेल्या चिरा एकमेकींना मिळायला लागल्या होत्या. (भोकं पाडलेली डिस्क म्हणजे जबरदस्त ब्रेक असं इंटरनेटवर फार बोललं जातं. पावसात पाणी निघून जायला भोकांचा उपयोग होतो, पण चिरा सुरू होतात त्यासुद्धा तिथूनच.) प्रश्न होता नव्या डिस्कचा.

आता माझा आवडता भाग, जरा सावकाश वाचा. या गाडीच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कवर बसलेल्या पॅडच्या चिमट्याला, दोन्ही बाजूंनी दोन-दोन पिस्टन असतात, ते ब्रेक ऑइलच्या प्रेशरने पॅड डिस्कवर दाबतात. समजा डिस्क फिरताना नुसती डुलतेय, जाडी सगळीकडे सारखी आहे. मग एका बाजूचे पिस्टन जेवढे आत ढकलले जातात तेवढेच दुसऱ्या बाजूचे पुढे सरकतात, ऑइल इकडचं तिकडे जातं, प्रेशर तेच राहतं आणि पायाला पत्ताही लागत नाही. पण एका जागी जाडी १५-२० मायक्रॉनने जास्त असली, म्हणजे आपल्या केसाच्या पाव जाडीएवढी, तर तो भाग पॅडमध्ये आला की दोन्हीकडचे पिस्टन एकदमच मागे ढकलले जातात. ऑइलला जायला जागा नाही म्हणून प्रेशर वाढतं, ब्रेक जास्त लागतो, पुढच्या क्षणी कमी. टायरचा घेर दोन मीटरच्या आसपास, १२० ला चाक सेकंदाला साधारण १७ फेरे मारतं, म्हणजे सेकंदाला १७ झटके, आणि स्टिअरिंगला नेमकं त्याच सुमाराला थरथरायला आवडतं. ५० ला सातच झटके बसतात, ते जाणवत नाहीत.

ही जाडी येते कुठून? चांगला ब्रेक नुसता घासून लागत नाही, पॅडच्या मटेरियलचा एक पातळ थर डिस्कवर चढतो आणि पॅड त्या थराला धरतं. बिडाच्या तव्यावर तेल मुरवून काळा थर बसवतात तसंच. थर सारखा असेल तर उत्तम. पण २०० वरून करकचून ब्रेक मारून ट्रॅफिक जॅममध्ये थांबलात आणि पाय पेडलवर तसाच दाबून ठेवलात की गरम पॅड एकाच जागी चिकटून बसतं आणि तिथे ठसा उमटतो. ती जागा जास्त घासते, म्हणून जास्त तापते, तापली की फुगते, फुगली की अजून घासते. तिथलं तापमान ७०० अंशांच्या आसपास गेलं की बिडाची आतली रचनाच बदलते. बाजूचं तुलनेने गार बीड ती उष्णता पटकन ओढून घेतं आणि सिमेंटाइट नावाचं कडक संयुग तयार होतं, लोखंडाचे तीन अणू आणि कार्बनचा एक. ते झिजत नाही, आजूबाजूचं बीड मात्र झिजत राहतं, म्हणजे उंचवटा वाढतच जातो. आणि ते खोलवर असतं, त्यामुळे वरवर पॉलिश पेपर मारला की चार दिवस बरं वाटतं आणि थरथर परत येते.

पण भाचा म्हणाला, मी असा ब्रेक मारलाच नाही. मग दुसरा रस्ता उरतो, आणि तो डिस्क बसवतानाच सुरू होतो. जुनी डिस्क काढली की हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा पापुद्रा असतो, तो तसाच ठेवून नवी डिस्क चढवली की ती तिरकी बसते. हबच्या कडेला ०.०५ मिमीचा पापुद्रा असला तर डिस्कच्या कडेला तो दुपटीपेक्षा मोठा होऊन दिसतो. ती डुलते, सुरुवातीला पायाला कळत नाही (वर सांगितलं तसं), पण ब्रेक न दाबताही तीच एक जागा दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते, हजारो किलोमीटर, आणि हळूहळू जाडीत फरक पडतो. म्हणून थरथर पहिल्या दिवशी नसते, दोन-तीन महिन्यांनी येते.

ताई मध्ये म्हणाली गाडीला नजर लागलीय, लिंबू-मिरची बांध. ताईची माया कळते मला, पण तेच लक्षण दोनदा आलं की नजरेवर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. डिस्क बदलली तरी कारण हबवरच बसून होतं.

शेवटी त्याने तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते अशा जागी गाडी नेली आणि मी व्हिडिओ कॉलवर. आधी डायल (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावायला सांगितला, कडेजवळ काटा ०.१२ मिमी हलला. मायक्रोमीटरने आठ जागी जाडी मोजली तर ०.०२ मिमीचा, म्हणजे २० मायक्रॉनचा फरक, आणि एका जागी निळसर डाग. म्हणजे या डिस्क गेल्याच होत्या. डिस्क धरणारे दोन छोटे स्क्रू गंजून बसलेले, हातोडीने ठोकायच्या इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हरनेच सुटले. डिस्क निघाली आणि हबवर नखाएवढा पापुद्रा दिसला, तपकिरी, एका कडेने उचललेला. "मामा, एवढासाच आहे रे." वायर ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासायला लावलं, मग नवी जोडी, दोन्ही बाजूंना नवीन पॅड, आणि चाकाचे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने १३० न्यूटन-मीटरवर. चाक चढवायच्या आधी डायल परत लावला होता, काटा ०.०३ हलला.

मग नव्या पॅडचा थर डिस्कवर सारखा चढावा म्हणून रात्री रिकाम्या रस्त्यावर १०० वरून ३० पर्यंत दहा-बारा वेळा ब्रेक, कुठेही पूर्ण न थांबता, आणि शेवटी ब्रेक न दाबता वीस मिनिटं गाडी चालवून डिस्क गार केल्या. घरी पोचल्यावर त्याने टॉर्च मारून डिस्कचा फोटो पाठवला, कडेपासून मधल्या टोपीपर्यंत एकसारखा करडा थर, कुठेही ठसा नाही.