प्लास्टिकपासून तेल: भट्टीच्या आधीची गोष्ट

प्लास्टिक तापवून तेल काढल्याची बातमी दर काही वर्षांनी नव्या शोधासारखी येते. ही विद्या मात्र आजच्या प्लास्टिकहून जुनी आहे. १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने रबर तापवून निघालेल्या वाफा थंड केल्या आणि त्यातून आयसोप्रीन, म्हणजे रबराच्या साखळीतली एक कडी, वेगळं काढलं. लांब साखळ्यांचा पदार्थ हवेविना तापवला की जळत नाही, तुटतो. पिशव्यांचं पॉलिथिन साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसवर असंच तुटतं आणि त्यातून गॅस, तेल, मेण मिळतं. तळाशी काजळी उरते.

१९७३ च्या तेलटंचाईच्या दशकात याकडे गांभीर्याने पाहिलं गेलं. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात हान्सयोर्ग झिन आणि वॉल्टर कामिन्स्की यांनी तापलेल्या, उसळत्या वाळूच्या थरात प्लास्टिक तोडण्याचे प्रयोग केले. पुढे बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीने लुडविग्सहाफेनला १९९४ मध्ये प्रायोगिक प्रकल्प उभारला. तो १९९६ मध्ये बंद झाला. रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. परवडेल अशा दरात पुरेसा कचरा मिळण्याची खात्री नव्हती. जपानमध्ये साप्पोरोचा मोठा प्रकल्प २००० पासून सुमारे दहा वर्षं चालला आणि थांबला.

मला या इतिहासात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती भट्टीच्या आधीची पायरी. घरातून येतो तो मिसळलेला कचरा. त्यात पाइपांचं, वायरींच्या आवरणाचं पीव्हीसी असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होऊन यंत्र गंजतं. बाटल्यांच्या पीईटीतून निघणारी घन आम्लं नळ्यांत साचून त्या तुंबतात. अन्नाने बरबटलेल्या पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, तो खर्च वेगळाच.

आपल्याकडे नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांच्या प्लास्टिकपासून तेलाच्या प्रयोगाची या शतकाच्या सुरुवातीला देशभर चर्चा झाली. नंतर पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर आणि सहकाऱ्यांनी जेजुरीला प्रकल्प उभारला, आणि त्यासाठी घराघरांतून स्वच्छ, सुकं प्लास्टिक वेगळं गोळा करण्यावर भर दिला. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांतही हा कचरा रस्तेबांधणीत वापरण्याबरोबर त्यापासून तेल काढण्याचा पर्याय आला.

तेल इंधन म्हणून जाळलं की त्यातला कार्बन धुरातून हवेत जातोच. म्हणून हेच तेल शुद्ध करून पुन्हा रसायनांच्या कारखान्यात देण्याचे प्रयत्न मला अधिक मोलाचे वाटतात. त्यासाठी तर कचरा आणखी निवडलेला लागतो, आणि आपल्याकडे ती निवड आजही मुख्यतः कचरावेचक बायका हातांनी करतात.