नक्कल काढणे (बेळगाव शहर)

बेळगाव महानगरपालिकेच्या व शहरातील इतर सरकारी कचेऱ्यांच्या दफ्तरातले कागद शोधणे, पाहणे आणि त्यांची सही-शिक्क्याची प्रत मिळवणे, याला सीमाभागातल्या बोलीत ‘नक्कल काढणे’ म्हणतात. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टी, खाते-उतारे (पालिकेच्या वहीतल्या मिळकतीच्या नोंदी), बांधकाम परवाने, सभेचे ठराव, रस्ता-गटारांच्या कामांची बिले असे सगळे त्यात येते. कायद्याने हा हक्क देशभर सारखाच आहे. बेळगावात मात्र अर्ज लिहिण्याआधीच दोन गोष्टींचा उलगडा करावा लागतो. कागद कुणाच्या कपाटात आहे आणि तो कोणत्या भाषेत मागायचा?

कपाटाचा प्रश्न वाटतो त्याहून किचकट आहे. शहरात राहणाऱ्याला सगळा कारभार ‘पालिके’चा वाटतो, पण एकाच गल्लीतले कागद चार-पाच ठिकाणी विखुरलेले असतात. घरपट्टी, खाते, जन्म-मृत्यू, बांधकाम परवाना हे महापालिकेकडे. नव्या वसाहतींचे मंजूर नकाशे आणि प्लॉटवाटप बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘बुडा’कडे. जागेचा सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा क्रमांक, आणि मिळकत पत्रिका सिटी सर्व्हेच्या कचेरीत. खरेदीखत आणि बोजाचा दाखला, म्हणजे ‘ईसी’, उपनिबंधकाकडे. विजेचे हेस्कॉमकडे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावची निवड झाली. त्या योजनेतून झालेल्या रस्त्यांची कागदपत्रे मूळ पालिकेच्या फायलीत नसून त्यासाठी काढलेल्या स्वतंत्र कंपनीकडे असतात. टिळकवाडीतल्या पदपथाची फाईल पालिकेत मागितली आणि ‘आमच्याकडे नाही’ असे उत्तर आले, तर ते खोटे असेलच असे नाही.

कॅम्पची गोष्ट आणखी निराळी. छावणी भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ताब्यात आहे आणि बोर्ड केंद्राच्या संरक्षण मंत्रालयाखाली येते. तिथे माहिती अधिकाराच्या अर्जाला केंद्राचे नियम लागतात आणि दुसरे अपील कर्नाटक माहिती आयोगाकडे न जाता दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते. रस्त्याची एक बाजू कॅम्पची आणि दुसरी पालिकेची असेल, तर दोन्ही बाजूंच्या गटारांचे दोन वेगळे अर्ज होतात. निपाणीत नगरसभा, खानापुरात पट्टण पंचायत. नावे निराळी असली तरी रीत तीच.

अर्ज चुकीच्या दारी पडला तर तो परत करण्याची मुभा अधिकाऱ्याला नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ६(३) प्रमाणे त्याने तो पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवून अर्जदाराला तसे कळवायचे असते. हे कलम अर्जाच्या शेवटी एका ओळीत लिहिलेले बरे.

साध्या कागदासाठी मात्र माहिती अधिकाराची तोफ डागू नये. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १७ प्रमाणे कोणीही निबंधकाकडे नोंदीचा शोध मागू शकतो आणि फी भरून उतारा घेऊ शकतो. अशा ठरावीक सेवा कर्नाटकात ‘सकाल’ योजनेखाली येतात. सकालचा कायदा २०११ चा, अंमल एप्रिल २०१२ पासून. अर्ज दिला की पंधरा आकडी क्रमांकाची पावती मिळते आणि कागद किती दिवसांत मिळेल हेही ठरते. मुदत उलटली तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती पावती हातात असली की खिडकीपलीकडच्या माणसाचा सूर बदलतो. जो कागद सेवा म्हणून मिळत नाही, त्यासाठी माहिती अधिकार.

माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला पूर्णपणे लागू झाला. योगायोग असा की त्याच वर्षी बेळगाव महापालिकेने सीमाभाग महाराष्ट्रात जावा असा ठराव केला आणि राज्य सरकारने ती महापालिका बरखास्त केली. सभागृहात काय ठरले, कुणी काय बोलले, कुणी विरोध केला यावर तेव्हापासून चौकाचौकात वाद झाले. असा वाद मिटवायला ऐकीव गोष्टी उपयोगाच्या नाहीत. सभेच्या इतिवृत्ताची नक्कल लागते आणि इतिवृत्त हा सार्वजनिक कागद आहे.

भाषेचा मुद्दा सगळ्यांत नाजूक. कायद्याचे कलम ६(१) सांगते की अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा. बेळगावात राजभाषा कन्नड. म्हणजे शुद्ध मराठीत लिहिलेला माहिती अधिकाराचा अर्ज नाकारायला अधिकाऱ्याला कायद्याचा आधार सापडतो. याउलट राज्यघटनेचे कलम ३५० कोणालाही आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडू देते. गाऱ्हाणे आणि माहितीची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सीमाभागातले बरेच वाद या दोहोंची गल्लत झाल्याने लांबतात. तुंबलेल्या गटाराची तक्रार मराठीत करावी, खुशाल. त्याच गटाराच्या बिलाची प्रत मागताना हिंदी वापरावी. देवनागरीच आहे, लिहायला सोपी, आणि कायद्याने कोणी बोट ठेवू शकत नाही. भाषेच्या लढाईसाठी सभागृह आहे. तिथे विषयपत्रिका मराठीतूनही मिळावी ही मागणी मराठी नगरसेवक वारंवार करतात, आणि ती तिथेच करण्यात अर्थ आहे. तीस दिवसांच्या मुदतीत अडकलेल्या अर्जावर ती लढू नये.

लिहिता न येणाऱ्याचे काय, हेही कायद्यात आहे. अर्जदाराने तोंडी सांगितले तर ते लेखी उतरवून घ्यायला माहिती अधिकाऱ्याने मदत करायची असते. व्यवहारात हे काम कचेरीबाहेर बसलेले अर्ज लिहिणारे करतात.

गंमत म्हणजे कचेरीची कन्नड मराठी माणसाला फारशी परकी नाही. ‘माहिती हक्कु’, ‘अर्जी’, ‘नकलु’, ‘नमूने’, ‘शुल्क’, ‘ठरावु’, ‘दफ्तर’, ‘सार्वजनिक माहिती अधिकारी’ हे सगळे कन्नड कागदावरचे शब्द आहेत. फारसी आणि मराठी कारभाराने उत्तर कर्नाटकाच्या कचेऱ्यांत जे शब्द पेरले ते अजून तिथेच आहेत. अडते ते लिपीशी. आणखी दोन शब्द ओळखता आले की उत्तराचा अर्धा कागद कळतो: ‘दृढीकृत’ म्हणजे सत्यप्रत केलेले आणि ‘मेल्मनवी’ म्हणजे अपील.

कर्नाटकाच्या नियमांत अर्जाची फी १० रुपये आणि ए-फोर आकाराच्या प्रतीला पानामागे २ रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. कोल्हापूर किंवा चंदगडच्या सवयीने अर्जाला कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून आणणारे लोक असतात. इथे पोस्टल ऑर्डर नाहीतर रोख, ही सुरक्षित वाट. ऑर्डर कोणाच्या नावाने काढायची ते आवक-जावकच्या टेबलावर आधीच विचारावे. दहा रुपयांच्या कागदावरचे चुकलेले नाव एक अख्खा महिना खाते. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर ही कटकट टळते. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ आहे, तेव्हा यादीत तेच शोधावे.

कर्नाटकाची एक अट अर्जदाराला जाचक वाटते: एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत. मनातला सगळा राग दीडशे शब्दांत मावत नाही, हे बरेच आहे. कारण राग वजा केल्यावर जे उरते तेच मागायचे असते. ‘वडगावातला रस्ता सहा महिन्यांत का उखडला?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाचे उत्तर तयार करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. दफ्तरात आहे तेवढेच द्यायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय खटल्यात स्पष्ट केले. तोच प्रश्न कागदांच्या नावांनी मांडता येतो: अमुक वॉर्डातल्या अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम बिल आणि दोषदायित्व कालावधीची (ज्या मुदतीत बिघाड कंत्राटदाराने दुरुस्त करायचा तिची) अट असलेले कराराचे पान. मोजमाप पुस्तिका, कंत्राटदारांच्या भाषेत ‘एमबी’, हा यातला सगळ्यांत बोलका कागद. तिच्यात लांबी, रुंदी आणि जाडी हाताने लिहिलेली असते. जाडीचा रकाना वाचून रस्त्याच्या कडेला पट्टी लावली की ‘का उखडला’चे उत्तर बहुधा मिळते.

अर्जाआधी एकदा कलम ४ चा कागद पाहावा. कलम ४(१)(बी) मध्ये सतरा बाबी आहेत आणि त्या प्रत्येक कचेरीने न मागता जाहीर करायच्या असतात. अधिकाऱ्यांची कामे, दफ्तराचे प्रकार, अंदाजपत्रक, माहिती अधिकाऱ्यांची नावे वगैरे. पुष्कळदा हा कागद जुना असतो, पण कोणत्या विभागात कोणत्या नावाची नोंदवही ठेवतात हे त्यातून कळते, आणि अर्जात तेच नाव लिहिले की ‘माहिती संदिग्ध आहे’ हा शेरा मारता येत नाही.

उत्तराची मुदत तीस दिवस. जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. उत्तर आलेच नाही किंवा पटले नाही, तर तीस दिवसांत त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत कर्नाटक माहिती आयोगाकडे दुसरे. आयोगाचे एक पीठ बेळगावात आहे, त्यामुळे सुनावणीसाठी बंगळूरची रात्रीची बस धरण्याची वेळ सहसा येत नाही. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. कलम ८ मध्ये नकाराची कारणे आहेत. त्यातले वैयक्तिक माहितीचे उपकलम २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदलले असून ते अधिक कडक झाले आहे. शेजाऱ्याच्या घराचा परवाना मागणाऱ्यांना याचा फटका जाणवतो.

जुन्या कागदांची वाट वेगळी. हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. आज शहराचा भाग असलेले शहापूर संस्थाने विलीन होईपर्यंत सांगली संस्थानात होते. त्यामुळे एकाच शहरात राहणाऱ्या दोन घरांच्या आजोबांच्या नोंदी दोन वेगळ्या राजवटींत झालेल्या असू शकतात. जुन्या नोंदवह्यांत मराठी भेटते आणि त्याहून मागची खरेदीखते, वाटणीपत्रे मोडीत. मोडी वाचणारा शोधणे हा त्यावेळी नक्कल काढण्याचाच भाग होतो. ब्रिटिश अमदानीतला जिल्ह्याचा पत्रव्यवहार हवा असेल, तर बेळगावात खेटे घालण्याऐवजी मुंबईचे पुराभिलेखागार गाठावे लागते.

घरगुती कामात मात्र अडते ते नावावर. मराठी वहीतले ‘चौगुले’ कन्नड वहीत गेले, तिथून संगणकाच्या इंग्रजीत आले आणि वाटेत कुठेतरी ‘चौगला’ झाले. ‘विठ्ठल’चा एक ठ गळाला. मग पासपोर्टच्या वेळी बापाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने निघते. अशा वेळी नुसता संगणकी दाखला घेऊन भागत नाही. मूळ नोंदवहीच्या त्या पानाची सत्यप्रत मागावी, कारण जन्म-मृत्यू कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाला चूक दुरुस्त करता येते आणि चूक नक्कल करताना झाली की मुळातच होती हे ते पानच दाखवते. पान सापडलेच नाही तर ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला लेखी घ्यावा. उशिरा नोंदणीसाठी पुढच्या कचेरीत पहिल्यांदा तोच मागतात.