जुना सील मोजून नवा सील आणता येत नाही

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा सिलिंडर गळू लागला की त्यातल्या सीलबद्दल (तेल अडवणाऱ्या रिंगबद्दल) ‘जुना सील मोजा, त्याच मापाचा आणा’ असं सर्रास सांगतात. हे चूक आहे. वापरलेला सील तेलाने फुगलेला, दाबाने चपटा झालेला, कडेला झिजलेला असतो. मोजायची ती सील बसतो ती खाच: रॉडचा व्यास (पिस्टन सीलसाठी बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास), खाचेच्या तळाचा व्यास आणि खाचेची रुंदी, तेही व्हर्नियर कॅलिपरने. पट्टीवर ५० मिमी आणि २ इंची, म्हणजे ५०.८ मिमी रॉड सारखेच वाटतात. एकाचा सील दुसऱ्याला चालत नाही. मटेरियलही बघा. खनिज तेलाला नायट्राइल रबर किंवा पॉलियुरेथेन घ्या, ईपीडीएम रबर कधीच नको, ते त्यात फुगतं. रॉडच्या क्रोमवर ओरखडा असेल तर आधी तो दुरुस्त करा, नाहीतर नवा सीलही लवकरच कापला जाईल.